वाफेवरचा जिताडा

मुंबईतल्या महागड्या कँटोनीज रेस्टॉरंटात पेण-रोह्याकडचा माणूस शिरला की त्याला आधी चुकल्याचुकल्यासारखं होतं, कारण तिथे वास येत नाही. आपल्याकडे चायनीज म्हणजे संध्याकाळी एसटी स्टँडच्या आसपास लागणारी गाडी. जाळ कढईच्या वर चढतो, तेलात लसूण आणि लाल चटणी पडते आणि रस्त्यापलीकडे रिक्षाची वाट बघणाऱ्याला ठसका लागतो. मंचुरियन, शेजवान, ट्रिपल राईस, चायनीज भेळ. ही गाडी मला आवडते, आणि तिला नाकं मुरडणाऱ्यांना खऱ्या चीनची फार माहिती असते असंही नाही. पण तिच्यावर पोसलेली जीभ घेऊन पांढऱ्या कापडाच्या टेबलाशी बसलं की बराच वेळ काहीतरी वाढायचं राहून गेलंय असं वाटत राहतं. चहा येतो तो बिनदुधाचा, फिक्कट. सूप येतं त्याचा तळ दिसतो. बांबूच्या टोपलीतून हार गाव येतात, आतली कोळंबी आवरणातून गुलाबी दिसते. हे आवरण गव्हाच्या सत्त्वावर उकळतं पाणी ओतून मळलेलं असतं, म्हणजे ती सरळसरळ उकडच. गणपतींच्या गावातून आलेला माणूस असेल तर तो खाण्याआधी कळ्या मोजतो. सुबक असतात. मोदक करणाऱ्या हाताला दाद द्यावी तशी द्यायला हरकत नाही.

मग मासा येतो. कँटोनीज आचाऱ्याची परीक्षा या एका ताटलीत होते असं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे, कारण लपायला जागा नाही. मासा अख्खा, डोक्याशेपटीसकट. ताटलीत खाली पातीच्या कांद्याच्या दांड्या आडव्या टाकतात, म्हणजे मासा अधांतरी राहतो आणि वाफ खालूनही खेळते. पाणी खळखळून उकळल्यावरच ताटली आत जाते. पाऊण किलोच्या माशाला आठ-नऊ मिनिटं पुरतात. एक मिनिट जास्त झालं तर मांस कापसासारखं होतं. कमी झालं तर काट्याला चिकटून राहतं. बाहेर काढल्यावर ताटलीत साचलेलं पाणी आचारी ओतून देतो, कारण सगळा हिवस वास त्यात उतरलेला असतो. वरून आल्याच्या आणि पातीच्या केसाएवढ्या बारीक काड्या, त्यांच्यावर धूर निघेपर्यंत तापवलेलं तेल, चर्रर्र आवाज, आणि कडेनं थोडा सोया सॉस. संपलं. हळद नाही, तिखट नाही, कोकम नाही. माशाचं डोकं मानाच्या पाहुण्याकडे करून ठेवतात. एक बाजू खाऊन झाली की मासा उलटायचा नाही, काटा उचलून खालची बाजू खायची; उलटला तर कुणाची तरी होडी उलटते, अशी तिकडच्या दर्यावर्द्यांची समजूत.

या माशासाठी बिलात जो आकडा लागतो त्यात खरं तर कशाचे पैसे असतात? मसाल्याचे नाहीत, वेळेचे नाहीत. काही न करण्याचे असतात. आणि काही न करणं परवडायला मासा पाण्यातून निघून पातेल्यात पडेपर्यंतचं अंतर फार कमी असावं लागतं.

ते अंतर कमी असलेला मुलूख म्हणजे दक्षिण चीनमधला, कँटनभोवतीचा पर्ल नदीचा त्रिभुज प्रदेश. त्याचं वर्णन वाचताना मला सतत आपला खारेपाट दिसत राहिला. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथली चिखलाची जमीन बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेली, बांधाच्या आत भात, आणि जागोजाग तळी. शुंदे या भागात तर तळं आणि बांध यांचा संसारच मांडला होता. बांधावर तुती, तुतीच्या पाल्यावर रेशमाचे किडे, किड्यांची विष्ठा तळ्यातल्या माशांना, आणि तळ्याचा गाळ उपसून पुन्हा तुतीच्या बुडाशी. कँटोनीज स्वयंपाकाचं माहेर म्हणून जे शुंदे ओळखलं जातं, 2014 साली युनेस्कोनं ज्याला पाककलेचं शहर म्हणून मान दिला, त्याच्या कीर्तीच्या मुळाशी अशी दारातली तळी आहेत. आज संगमरवरी रेस्टॉरंटात मिरवणारी ही पाककला मुळात बांधावरच्या शेतकऱ्याची आहे.

वडखळपासून पोयनाड-शहाबाजपर्यंतच्या आपल्या खारेपाटातही खाडीकडचे बांध म्हणजे बाहेरकाठे आहेत, पाणी सोडायच्या उघाड्या आहेत, बांधाला खांड गेली की शेतात खारं पाणी घुसण्याची धास्ती आहे. 1948 साली खारजमिनींसाठी मुंबई सरकारला वेगळा कायदा करावा लागला, इतका हा संसार मोठा. आणि घराशेजारच्या तळ्यात जिताडा आहे. पावसाळ्यात खाडीतून आलेलं पिल्लू तळ्यात सोडायचं. ते बारीकसारीक मासे आणि कोळंबी खाऊन वाढतं. खारं, मचूळ, गोडं, कुठलंही पाणी त्याला चालतं. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि वय झाल्यावर मादी होतात, हे ऐकून गावातले जाणते फार हसतात, पण प्राणिशास्त्र तसंच सांगतं. इराणच्या आखातापासून ऑस्ट्रेलियापर्यंत हा मासा सापडतो आणि दक्षिण चीनच्या किनाऱ्यालाही तोच आहे. म्हणजे बांध तोच, तळं तेच, मासासुद्धा तोच. तिथे तो आलं-पातीखाली वाफवला गेला, इथे लाल कालवणात उतरला. असं का झालं असेल?

ताजेपणाचा सिद्धांत इथे लंगडा पडतो. मासा शिळा असला की तिखटाची गरज लागते हे मुंबईतल्या कढईला लागू असेल. तळ्याकाठच्या घराला नाही. आगरी मसाला काही शिळा मासा झाकण्यासाठी जन्मलेला नाही.

मिरचीचा प्रवास बघितला तर कोडं आणखी वाढतं. रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते त्या रेवदंड्याला, चौलच्या बंदरात, पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात पाय रोवून बसले. तेच लोक 1557 च्या सुमारास मकाव इथे, म्हणजे कँटनच्या उंबऱ्यावर, स्थिरावले. अमेरिकेतून आलेली मिरची या दर्यावर्द्यांच्या वाटांनी पूर्वेकडे पसरली. चीनमध्ये तिची नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीला सापडते, तीही शोभेचं झाड म्हणून. पुढे ती रुजली ती किनाऱ्यावर नव्हे, तर आत, हुनान, क्वेचौ, सेच्वान अशा डोंगराळ मुलखांत. क्वेचौमध्ये मीठ इतकं दुर्मीळ होतं की गरीब लोक मिठाच्या जागी मिरची वापरत, असं जुन्या नोंदी सांगतात. कँटनच्या लोकांनी मात्र ती बंदरातून जाऊ दिली आणि आपल्या पातेल्यात घेतली नाही. आणि आपण? मिठागरं दारात, मासा दारात, तरी मिरची आली ती घरधनीण होऊन बसली.

माझं उत्तर भातापाशी येऊन थांबतं. खारेपाटातल्या जुन्या घरात जेवण म्हणजे राता तांदळाचा भात किंवा भाकरी, आणि ती पोटभर. मासा तिच्या जोडीला. एक मासा आणि आठ माणसं असा हिशेब असला की माशानं स्वतःची चव सांगत बसून चालत नाही. त्याला आठ ताटांतला भात ओढून न्यावा लागतो. लसूण, तिखट, चिंच आणि माशाच्या डोक्याचा अर्क यांचं पातळ, झणझणीत कालवण हे त्या ओढीचं साधन आहे. कँटोनीज मेजवानीत भात किंवा नूडल्स अगदी शेवटी येतात, कुणाचं पोट उरलं असेल तर म्हणून. तिथे भात तोंडी लावायला आणि मासा पोटभर, असा उलटा मामला. कँटनच्या परिसरातला गरीबसुद्धा रोज असं जेवत नव्हता हे उघड आहे. त्याच्या वाट्याला भातावर खारवलेल्या माशाचा तुकडा येई. वाफेवरचा अख्खा मासा सणाचा. म्हणजे आपण ज्याला एका प्रांताची चव म्हणतो ती पुष्कळदा त्या प्रांतातल्या सणाच्या दिवसाची चव असते आणि रेस्टॉरंट तो सण रोज मांडून ठेवतं.

गंमत अशी, की खारेपाटातला मोठा जिताडा तळ्याच्या मालकाच्या ताटात क्वचितच आला. तो बाजारात गेला किंवा साहेबाकडे गेला. अडलेलं काम आणि जिताडा यांच्या जोडीचे किस्से रायगडात अजूनही खाली आवाज करून सांगतात. मात्र आपल्याला मुळात हलक्या हाताचा स्वयंपाक येतच नाही, असं कुणी म्हणू नये. थंडीत पेण-रोह्याच्या शेतांवर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये अंडी किंवा कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगा आपल्याच ओलाव्यात शिजतात. कँटोनीज आचाऱ्यानं हे मडकं उघडताना पाहिलं तर त्याला काही समजावून सांगावं लागणार नाही. पोपटी भाताबरोबर खात नाहीत, हेही लक्षात घ्यावं.

मुंबईत कँटोनीज लोक आले ते बंदरामागून. माझगावातलं सी यूप कून हे चिनी देऊळ 1919 चं. सी यूप म्हणजे त्याच त्रिभुज प्रदेशालगतचे चार तालुके, आणि तिथले खलाशी, सुतार गोदीच्या आसऱ्यानं इथे राहिले. पुढे चर्चगेटला कामलिंग, अपोलो बंदरावर नानकिंग अशी नावाजलेली हॉटेलं झाली. 1962 च्या युद्धानं या लोकांची घडी विस्कटली. देशभरातून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. पुष्कळांनी सुटल्यावर देश सोडला. जे राहिले त्यांनी गिऱ्हाइकाची जीभ ओळखली. 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग या कोलकात्याहून आलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्यानं आलं, लसूण, हिरवी मिरची, कॉर्नफ्लोअर आणि सोया सॉस यांतून चिकन मंचुरियन काढलं. ते मंचुरियात कुणाला माहीत नाही, पण रोह्यात आहे. त्यात फसवणूक काही नाही. परक्या शहरात मूठभर माणसांनी स्वतःची चव राखायची की दुकान, असा प्रश्न आला तर दुकान राखावं. चव पाठोपाठ येते कधीतरी. नानकिंगवाल्या लिंग कुटुंबाचं कुलाब्यातलं लिंग्ज पॅव्हेलियन 1991 पासून आहे, आणि तिथे मासा वाफवून मागता येतो. 2011 साली लंडनहून हक्कासान आणि याउआत्चा ही रेस्टॉरंटं आली तोवर पैसेवाली मुंबई फिक्कट सूप मागवायला तयार झाली होती.

अर्थात पैसेवाला जे मागवतो ते तो चवीनंच मागवतो असं नाही. अठराव्या शतकातला युआन मेई हा चिनी कवी मोठा खवय्या. 1792 मध्ये छापलेल्या त्याच्या पाकग्रंथात कानांनी जेवणाऱ्यांची त्यानं चांगलीच हजेरी घेतली आहे. पदार्थाचं नाव भारी, किंमत भारी, म्हणून पाहुण्यापुढे ठेवायचा. चव कुणी विचारायची नाही. नीट केलेलं टोफू पक्ष्याच्या घरट्याच्या सूपपेक्षा वरचढ, असा त्याचा कौल होता. आजच्या मुंबईत त्याला दुसरं उदाहरण मिळालं असतं. महागड्या मेन्यूंवर चिलियन सी बास असतो. तो पॅटॅगोनियन टूथफिश, दक्षिण महासागराच्या थंड तळातला. 1977 साली ली लँट्झ नावाच्या एका अमेरिकी व्यापाऱ्यानं त्याचं नवं बारसं केलं आणि भाव चढला. तो बर्फात गोठून अर्धी पृथ्वी ओलांडून येतो. मासा चविष्ट आहे, चरबीदार आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण ज्या पाककलेचा सगळा डौल तळ्यापासून ताटलीपर्यंतच्या चार पावलांवर उभा, तिच्यासाठी तो अंटार्क्टिकाकडून आणायचा आणि गाडीरस्त्यानं दोन-अडीच तासांवरच्या खारेपाटातला जिताडा मेन्यूवर नसायचा, यात युआन मेईचे कान टवकारले असते.

गेल्या थंडीत पेणच्या बाजारातून तळ्यातला जिताडा आणला आणि आत्याला म्हटलं, आज मसाला नको. आत्या खारेपाटातली, तिनं माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. घरात एवढा मासा मावेल असं वाफेचं भांडं नव्हतं; मोदकपात्र होतं, त्यात जिताडा आडवा बसेना. शेवटी डोकं आणि शेपूट उतरवावं लागलं. कँटनमध्ये हे चाललं नसतं. मधला तुकडा आलं-पातीवर ठेवला, घड्याळ लावलं, साचलेलं पाणी ओतून दिलं, वर कडकडीत तेल ओतलं. मांस पाकळ्या होऊन सुटलं. लोण्यासारखं, किंचित गोड. तळ्याच्या मातीचा वास अगदी पुसट. सगळ्यांनी खाल्लं. आत्यानं दोनदा घेतलं, बोटानं सोया सॉस पुसून चाखला आणि म्हणाली, "गोडय रे मासा. बरं झालं, कळलं तरी. आता भात वाढू ना?"

डोक्याचं आणि शेपटीचं कालवण तिनं मागच्या चुलीवर केव्हाच चढवलं होतं.