बाईच्या नावापुढचा रकाना

विलायतेत व्हिक्टोरिया राणीच्या काळातले खानेसुमारीचे कागद चाळणाऱ्यांना मधूनच धक्का बसतो. बाई अन् लोहार? बाई अन् खिळे ठोकणारी? बाई अन् साखळदंड घडवणारी? मग वाद सुरू. लिहिणाऱ्यानं चूक केली, की नवरा मेल्यावर भट्टी तिनंच चालवली, की नवऱ्याचा धंदा हिच्या नावापुढं पडला?

आमचा प्रश्न निराळा आहे. धक्का कोणाला बसतो? ज्यांच्या घरची बाई उंबऱ्याबाहेर पडली नाही त्यांना. आमच्या वस्तीत बाईनं राबणं कधी अनपेक्षित होतं?

खापा घ्या. कन्हान नदीकाठचं हे हातमागाचं गाव. नागपूर भागात कोष्ट्यांचे माग होते तसे महारांचेही होते. जाडंभरडं कापड आमच्या लोकांनी विणलं. मागावर बसला पुरुष, म्हणून विणकर तो. पण सूत उकलायचं कोणी? कांड्या कोणी भरायच्या? खळ लावताना ताण्याचं दुसरं टोक कोणी धरायचं? तिचा हात थांबला की माग थांबतो. तरी कागदावर ती विणकराची बायको.

हे आपोआप होत नाही. तसा नियमच असतो. इंग्लंडात १८४१ ला मोजणाऱ्यांना लेखी हुकूम होता : बायको, पोरं मजुरीशिवाय घरच्या धंद्यात हात लावत असतील तर त्यांचा धंदा लिहायची गरज नाही. १८८१ ला घर सांभाळणारी बायको तिथं बिनधंद्याच्या वर्गात गेली. आपल्याकडं १८९१ च्या शिरगणतीत कमावणारे अन् त्यांच्यावर पोसले जाणारे एकाच आकड्यात कोंबले. विणकामावर जगणारे इतके. त्यात कांडी भरणारी कोणती अन् पाळण्यातलं पोर कोणतं, काढा शोधून! १९०१ ला ते पुन्हा वेगळे केले.

हे साहेबाचं पाप म्हणून सोडून देता येत नाही. स्वतंत्र भारतात १९७१ ला माणसाचं मुख्य काम कोणतं ते विचारलं, अन् १९६१ च्या मानानं कामकरी बायांचा आकडा जवळपास निम्म्यावर आला. काय, दहा वर्षांत निम्म्या बाया घरी बसल्या? रोवणी काय देवानं केली?

दुसरी लबाडी जातीची. बाईचं काम लिहिलंच तर जातीचा धंदा म्हणून. सुईण घ्या. नाळ कापणारा हात सवर्णाच्या घरात चालतो, बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली की विटाळ आठवतो. तिच्या हातातली अक्कल कोणी मोजली नाही, जन्म मोजला.

आमच्यातले काही शिकलेले म्हणतात, कशाला ते उकरता? बाबासाहेबांनीच घाणीची कामं सोडा म्हटलं. खरं आहे, १९२७ ला महाडात मेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. पण काम सोडणं एक अन् ज्यांनी ते केलं त्यांना पुसणं दुसरं. त्यांचं काम जातीच्या नव्हे, मजुरीच्या खात्यात लिहा, एवढंच मी म्हणतो.

नागपूरच्या जाईबाई चौधरींनी डोक्यावर ओझी वाहिली, पुढं शिक्षिका झाल्या, चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. त्यांच्यापुढं काय लिहाल? शिक्षिका लिहिलं तर ओझं पुसलं, हमाल लिहिलं तर शाळा पुसली. रकाना एकच.

येत्या शिरगणतीत जात मोजायचं केंद्र सरकारनं ३० एप्रिल २०२५ ला ठरवलं. चांगलं झालं. तो रकाना भरताना आपण सावध राहू. शेजारच्या रकान्याचं उत्तर मात्र खाटेवर बसलेला पोरगाच देऊन टाकतो, 'माय घरीच असते.' अन् माय त्या वेळी निंदणाला गेलेली असते.