इंग्रजीच्या अंगणातून

स्पॅनिशच्या पहिल्या काही धड्यांतच 'गुस्तार' हे क्रियापद भेटतं आणि पुस्तक बजावतं: जपून, याची बांधणी उलटी आहे. मी वहीत लाल शाईनं 'उलटं' असं लिहिलं आणि घोकायला बसलो. एक आंबा असेल तर 'मे गुस्ता एल मांगो', अनेक असतील तर 'मे गुस्तान लोस मांगोस'. दोन दिवसांनी घोकता घोकता जीभ अडखळली. मला आंबा आवडतो. मला आंबे आवडतात. यात उलटं काय आहे? क्रियापद आंब्याच्या वचनानं चालतं, आणि आपण बाजूला 'मला' होऊन बसतो. लहानपणापासून बोलत आलेलं वाक्य मी परकं समजून पाठ करत होतो.

उलटं होतं ते इंग्रजीच्या बाजूनं, कारण पुस्तक इंग्रजीत होतं. परकी भाषा आपल्याकडे बहुधा इंग्रजीच्या अंगणातूनच येते, आणि येताना तिथल्या अडचणीही घेऊन येते. पेला पडला की स्पॅनिश माणूस म्हणतो, 'से मे कायो एल बासो'. पुस्तक यावर अर्धं पान खर्च करतं. आपण नुसतं म्हणतो, 'माझ्या हातून पेला पडला.' पाडला नाही, पडला. हात माझा, हेतू नाही. 'बेंगो' म्हणजे 'येतो'. त्याच्या आधी 'मी' लागत नाही, याचं आपल्याला कसलं नवल? उलट 'बेंगो' म्हणणारा बाप्या की बाई हे त्यातून कळत नाही, एवढंच आपल्याला खटकावं.

म्हणून स्पॅनिश आपल्याला सोपी, असं नाही. आपल्या अडचणी वेगळ्या आहेत. मराठीनं संस्कृतचं नपुंसकलिंग राखलं. लॅटिनचं नपुंसकलिंग स्पॅनिश नामांनी टाकून दिलं. त्यामुळे आपलं 'ते' पुस्तक तिथे 'तो' होतं, आणि 'ते' टेबल 'ती'.

खरी कसोटी 'सेर' आणि 'एस्तार'ची. आपल्याकडे दोन्हींना 'आहे'. कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार, हा पुस्तकी नियम. पण मेलेल्या माणसाला स्पॅनिश 'एस्ता मुएर्तो' म्हणते, म्हणजे एस्तार! मरणाहून कायमचं काय असतं? मला वाट सापडली ती स्वयंपाकघरात. 'साखर गोड असते', पण 'आजचा चहा फार गोड झालाय'. साखरेचा तो गुण, चहाची ती झालेली अवस्था. साखरेला सेर, चहाला एस्तार. मेलेलाही जगण्यातून त्या अवस्थेला पोचलेला. ही जोडी सगळीकडे पुरत नाही. 'मी शिक्षक आहे' म्हणताना 'आहे' असूनही सेरच लागतं. पण निदान कान तयार होतो.

1492 साली आंतोनियो दे नेब्रिखानं कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषेचं व्याकरण छापलं. त्याचा पाचवा, शेवटचा भाग परभाषकांसाठी आहे. घरच्याला सांगायचं व्याकरण वेगळं आणि पाहुण्याला सांगायचं वेगळं, हे त्याला तेव्हाच उमगलं होतं. पाहुणा कुठल्या गावाहून आला, हेही विचारायला हवं, एवढंच मी त्यात घालीन.

वहीतलं 'उलटं' मी खोडलं. लाल शाई आता 'आहे' या शब्दाखाली वापरतो.