नसलेल्या गाड्यांचा परिग्रह

परिग्रह वस्तूंच्या साठ्यात असतो की त्यांच्याविषयीच्या आसक्तीत, हा भारतीय नीतिविचारातील जुना प्रश्न आहे. परंतु ज्यांना वजन नाही, ज्या जागा अडवत नाहीत आणि ज्या साठवल्याने दुसऱ्या कोणाच्या वाट्याचे काही कमी होत नाही, अशा वस्तू माणूस जमवू लागला की तो प्रश्न नव्याने विचारावा लागतो. पॉलिफनी डिजिटल या जपानी कंपनीने तयार केलेला आणि मार्च 2022 मध्ये प्लेस्टेशनवर आलेला ‘ग्रॅन टुरिस्मो 7’ हा मोटारशर्यतींचा व्हिडिओ गेम या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. त्यात खेळाडू शर्यतींमधून ‘क्रेडिट’ म्हणजे खेळापुरते चलन कमावतो, त्यातून गाड्या विकत घेतो आणि आपल्या गॅरेजमध्ये त्यांचा संग्रह वाढवत नेतो.

नसलेले मिळवणे म्हणजे योग आणि मिळवलेले राखणे म्हणजे क्षेम, असा योगक्षेम या पदाचा अर्थ परंपरेने लावला आहे. या खेळात दोन्ही अंगे पूर्णत्वाने उतरलेली दिसतात, कारण चालवलेल्या किलोमीटरांबरोबर गाडीचे इंजिन ऑइल खराब होते, सांगाड्याचा ताठपणा घटतो आणि तो पूर्ववत करण्यासाठी पुन्हा क्रेडिट मोजावे लागतात. जी गाडी मुळात नाहीच, तिला मुद्दाम जीर्ण होऊ दिले आहे, ते मालकीची भावना दृढ व्हावी म्हणूनच, असे मानावे लागते.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून न करता मूर्च्छेवरून, म्हणजे ‘हे माझे’ या ममत्वावरून केली आहे, आणि जैन आचार्यांनी जमीन, धनधान्य यांसारख्या बाह्य परिग्रहापासून क्रोध, लोभ इत्यादी अभ्यंतर परिग्रह वेगळा काढला आहे. ही व्याख्या स्वीकारली तर गॅरेजमधील गाडी लोखंडाची नसणे हा बचाव ठरत नाही. उलट वस्तूचा आधार काढून घेतल्यावरही ममत्व शिल्लक राहते, हेच येथे विलक्षण स्पष्टपणे दिसते.

यावर आक्षेप असा की खेळ हा खेळच असतो आणि त्यातील संचयाला नैतिक निकष लावणे अतिरेकी आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण ते वाहन चालवण्याच्या आनंदापुरतेच. अवघड वळणावर ब्रेक नेमका केव्हा दाबावा हे शिकण्यात जो रस आहे तो निर्हेतुक आहे, त्यातून काहीही साठवायचे नसते. याउलट ‘लेजेंड कार्स’ या दालनात ऐतिहासिक गाड्या ठरावीक काळच विक्रीला असतात आणि काहींची किंमत 2 कोटी क्रेडिटपर्यंत जाते. त्यामुळे गाडी हातची जाईल या धास्तीने खेळाडू सर्वाधिक क्रेडिट देणारी एकच शर्यत पुन्हा पुन्हा धावतो. खेळाडूंच्या बोलीत याला ‘ग्राइंडिंग’ म्हणतात. येथे चालवणे हे साधन होते, गाडी साध्य होते, आणि मिळालेली गाडी पुष्कळदा चालवलीही जात नाही.

मार्च 2022 मध्येच एका अपडेटने अनेक शर्यतींची बक्षिसे घटवली, तेव्हा खेळाडूंचा रोष इतका वाढला की निर्माते काझुनोरी यामाउची यांना क्षमा मागावी लागली, नंतर बक्षिसे वाढवली गेली आणि खऱ्या पैशाने न घेतलेले क्रेडिट जवळ ठेवण्याची मर्यादा 2 कोटींवरून 10 कोटींवर नेण्यात आली. क्रेडिट खऱ्या पैशानेही विकले जात असल्याने तो रोष अन्याय्य नव्हता. तरीही तक्रारीचे मूळ कष्टाचे मोल आणि मालकीचा हक्क या दोन कल्पनांत होते, क्रीडेत नव्हते.

जैन गृहस्थाला सर्वत्यागाची अट नाही, त्याच्यासाठी परिग्रहपरिमाण हे अणुव्रत आहे: किती ठेवायचे ते आधीच ठरवायचे आणि त्यापुढे जायचे नाही. हा निकष या गॅरेजलाही लावता येतो. जो खेळाडू आवडीच्या मोजक्या गाड्या मनापासून चालवतो त्याचा संग्रह निर्दोष मानावा. यादी पूर्ण करण्यासाठी रात्री जागवून न चालवलेल्या गाड्या राखणारा मात्र, त्याच्याजवळ एकही गाडी नसताना, परिग्रहीच ठरतो.