अर्धा वॅट

आवाज मोठा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, याचा विचार मी पहिल्यांदा केला तो आमच्या नानांमुळं. नाना माझे मधले चुलते. चार एकर रान, त्यातलं दीड एकर बागायत, आणि उरलेल्या वेळात गावाचे रेडिओ दुरुस्त करणं.

त्यांनी घरी टेबलावर मावेल असा एक अ‍ॅम्प्लिफायर केला होता. एलएम ३८६ नावाची चिंचोक्याएवढी, आठ पायांची चिप, आवाज कमीजास्त करायची १० किलोओहमची खुंटी, २२० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, ८ ओहमचा स्पीकर. बाकी किरकोळ. टॉर्चचे सहा सेल एकापुढं एक लावले की ९ व्होल्ट मिळतात, त्यावर तो चालायचा. खोकं मोडक्या फडताळाच्या फळ्यांचं. ताकद जेमतेम अर्धा वॅट. त्या चिपच्या पहिल्या आणि आठव्या पायामध्ये एक १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, की सिग्नल वीस पटीऐवजी दोनशे पट वाढतो. नानांनी तो टाकला नव्हता. म्हणायचे, "गाणं वाढतंय तशी खरखर बी वाढतीया. तिला काय कळतंय कुठलं गाणं न कुठली खरखर?"

ही चिप स्वतःची ताकद काही आणत नाही. ताकद सेलची. आत येणारा नाजूक सिग्नल फक्त ती कधी आणि किती सोडायची ते ठरवतो. नाना हे दारं धरायच्या भाषेत सांगायचे. माणूस फावड्यानं चार ढेकळं इकडची तिकडं करतो, त्याला जोर तो कितीसा लागतो, पण सगळा पाट त्याच्या म्हणण्यानं वळतो. पाणी त्याचं नसतं. मला हे उदाहरण अजून पुरतं. कर्ण्यापुढं उभा राहून बोलणारा माणूस स्वतःला मोठा समजायला लागतो, तेव्हा तर हटकून आठवतं.

एकदा मंडळाची पोरं आली. गणपतीला दोनशे वॅटचा सेट करून द्या म्हणाली. पैसे रोख. नानांच्या घरी त्या साली पैशाची नड होती, काकीनं तसं तोंडावर सांगितलंही. नाना नाही म्हणाले. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते, हे त्यांनी पोरांना समजावायचा प्रयत्न केला, पण पोरांना त्यात फक्त आकडा ऐकू आला. शेवटी म्हणाले, "ज्याला ऐकायचंय त्यो जवळ यील. नाही त्याच्या घरात घुसायचा आपल्याला काय अधिकार?"

मला हे फार पटलं होतं. आजही बरंचसं पटतं. नानांच्या खोक्यावर भजन चालू असताना काकी चुलीपासून काही बोलली तर ते नानांना ऐकू यायचं. 'बास करा' म्हणालेलंही ऐकू यायचं. मोठ्या सेटपुढं नेमकं तेच जमत नाही. थांब म्हणणाऱ्याचा आवाज त्या आवाजाखालीच दबून जातो. पुढं २००० साली सरकारनं नियम केले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद. गावात ते पाळतात किती, हे वाचकाला मी सांगायला नको.

पण ती पोरं आली तेव्हा तिथं ओढ्यापलीकडच्या वस्तीतले एक गवंडी बसले होते. आम्ही त्यांना मिस्त्रीकाका म्हणायचो. बसले होते म्हणजे सोप्याखाली, पायरीवर. पोरं गेल्यावर ते म्हणाले, "नाना, जवळ यील म्हणताय. आमास्नी जवळ कोण यिऊ देत हुतं?"

नाना काही बोलले नाहीत. मीही त्या दिवसापर्यंत ती पायरी पाहिली नव्हती, म्हणजे रोज पाहत होतो तरी.

ज्यांचं बोलणं पिढ्यान्‌पिढ्या ओढा ओलांडून आलंच नाही, त्यांनी १४ एप्रिलला कर्णा गावाकडं तोंड करून लावला, तर त्याला घुसणं म्हणायचं का? माझ्या मते नाही म्हणता येत. अर्ध्या वॅटमधलं समाधान हे बऱ्याचदा ज्याचं ऐकलं जातं त्याचं समाधान असतं. त्याला हळू बोलणं परवडतं. मात्र हाच न्याय मी मंडळाच्या पोरांना लावायला तयार नाही, कारण त्यांचं न ऐकणारा गावात कोणी नव्हताच. आणि ऐकवून झाल्यावरही रात्रभर भिंती हादरवत राहिलं तर? मग जयंती असो की वरात, गोठ्यातली कालच व्यालेली गाय आणि खाटेवरचं आजारी माणूस यांच्या बाजूनं मला बोलावंच लागतं. यासाठी एकच मोजपट्टी कुठं मिळेल असं मला वाटत नाही. डेसिबलचं यंत्र आवाज मोजतं, तो कोणाचा ते त्याला कळत नाही.

त्या एप्रिलमध्ये वस्तीचा सेट बिघडला होता. नानांनी तो दोन रात्री जागून नीट केला, सामानाचे तेवढे पैसे घेतले. मंडळाची पोरं चिडली. तिथं चालतं मग इथं का चालत नाही, म्हणून पारावर नानांना अडवलं. नानांना धड उत्तर देता आलं नाही. ते बोलण्यात कच्चेच होते.

त्यानंतर त्यांनी खोक्याचं टेबल सोप्यातून उचलून बाहेर कट्ट्यावर ठेवलं. तिथं पायरी नव्हती. संध्याकाळी सांगली केंद्र लागलं की दोघं कट्ट्यावर शेजारी शेजारी बसायचे. मिस्त्रीकाका खुंटी थोडी पुढं करायचे, नाना थोडी मागं घ्यायचे, आणि सेल उतरले की नवे कोणी आणायचे यावर दोघांची वादावादी व्हायची.