एक उधाण, अनेक किनारे

अमावास्या-पौर्णिमेला मालवणच्या समुद्राला उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी मंदावते, हे इथल्या रापणकर मच्छीमारांना पंचांग न उघडताही कळते. पण चंद्र एक, समुद्र एक असूनही ते उधाण सिंधुदुर्गाच्या तटावर आदळून फुटते, चिवल्याच्या वाळूवर निवांत पसरते आणि कर्ली नदी व समुद्र यांच्यामधल्या देवबागच्या चिंचोळ्या भूमीला मात्र कुरतडत राहते. स्त्रीच्या ऋतुचक्राचा विचार करताना चंद्राशी त्याचे नाते जोडण्याचा मोह जुना आहे. पण चंद्राचा मास साडेएकोणतीस दिवसांचा आणि निरोगी पाळी २१ ते ३५ दिवसांत आपापल्या लयीने फिरणारी. म्हणून माझे मन रेंगाळते ते या किनाऱ्यांपाशी.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन महिनाभर चढतात, उतरतात, आणि भयभीत चेहरा दिसताच जागा होणारा मेंदूतला अमिग्डाला त्या चढउतारापासून अलिप्त राहत नाही. तरीही १९९८ साली अमेरिकेत पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांनी बीजकोशांची लय औषधाने थांबवून तीच संप्रेरके पुन्हा दिली, तेव्हा पाळीपूर्वी खिन्न होणाऱ्या स्त्रियांची खिन्नता परतली आणि इतर स्त्रिया त्याच मात्रेवर स्थिर राहिल्या. या भेदामागे जनुके असतील, बालपणीचे आघात असतील, चटकन भेदरणारा किंवा सावकाश विसावणारा स्वभाव असेल. देहाची लय आणि मनाची घडण यांची भेट प्रत्येकीत निराळी.

ज्या कोकणात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते आणि त्या वारुळात रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त भूमीची सर्जनयोनी पाहिली, त्याच कोकणातल्या घरांत ‘कावळा शिवला’ म्हणून बाई चार दिवस बाजूला बसली, मग ती हसरी असो वा कष्टी. आज ती प्रथा विरळ होत असताना तिच्या रागाला ‘हॉर्मोन्स’ म्हणून बाजूला बसवले जाते, आणि त्या रागाला घरातच काही कारण असेल ही शक्यता कुणी उंबरठ्याआत येऊ देत नाही. हा नवा विटाळ मला अधिक बोचतो.

२०१३ साली अमेरिकन मनोविकार संघटनेने पाळीपूर्वीच्या तीव्र मनोवेदनेला स्वतंत्र निदान मानले, तेव्हा किमान दोन चक्रे रोजच्या मनःस्थितीची नोंद ठेवण्याची अट घातली. जिथे तिला सलग दोन दिवसही कुणी ‘कशी आहेस’ असे विचारलेले नाही, त्या घरात दोन महिन्यांची ती वही कोण वाचणार, हा प्रश्न मला सोडत नाही.