तेल वाचलं, मग गेलं कुठे?

ब्रिटिश घरांत एके काळी चिप्स (आपल्या फ्रेंच फ्राइज) करायच्या म्हणजे खोल भांडंभर तेल शेगडीवर तापत ठेवायचं. लक्ष चुकलं की ते तेल पेटायचं, आणि अग्निशमन दलाला अशा आगी सवयीच्याच झाल्या होत्या. १९७९ साली मॅकेन कंपनीनं तिथे ‘ओव्हन चिप्स’ आणल्या आणि नुसता ट्रे आत सरकवून काम भागू लागलं. पाकिटातले हे काप कारखान्यातच थोडे तळून मग गोठवलेले असतात, हे मात्र खाणाऱ्याच्या ध्यानात क्वचितच येतं.

ओव्हनचं म्हणजे पथ्याचं, हा समज तेव्हापासून पक्का होत गेला. तो अर्धाच खरा आहे. वर चीज, सॉस आणि मेयोनेज ओतलेल्या ‘लोडेड’ फ्राइजच्या बाबतीत तर हिशेब मांडूनच बघावा. अर्धा किलो बटाट्यांना घरच्या ओव्हनमध्ये दीड मोठा चमचा, म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास तेल पुरतं. तेवढ्याच बटाट्यांच्या फ्राइज तळल्या, तर त्याच्या दुपटीहून जास्त तेल पोटात जातं. वाचले साधारण २५ ग्रॅम. आता मेयोनेज घ्या. अमेरिकी नियमानुसार त्यात किमान ६५ टक्के वनस्पती तेल असावं लागतं. नेहमीच्या मेयोच्या एका मोठ्या चमच्यात जवळपास १० ग्रॅम तेल असतं. अडीच चमचे वाटीत पडले की सगळी बचत परत ताटात! चीजचा हिशेब तर अजून मांडलेलाच नाही.

तेव्हा खरा निर्णय डिपचा आहे.

तो घरात सहज सुटतो. दही रात्रभर फडक्यात टांगून ठेवलं की सकाळी घट्ट चक्का तयार. लसणाच्या गड्ड्याचा शेंडा छाटून, तेलाचा थेंब सोडून, फॉइलमध्ये गुंडाळून तो बटाट्यांच्याच ट्रेवर कोपऱ्यात ठेवावा. वेगळी वीज लागत नाही. पाऊण तासानं पाकळी चिमटीत दाबली की तपकिरी गर आपसूक बाहेर येतो. त्याची उग्रता गेलेली असते, गोडवा आलेला असतो. हा गर, मीठ, मिरपूड आणि थोडा लिंबाचा रस चक्क्यात घोटला की मेयोची आठवण निघत नाही.

राहिला कुरकुरीतपणा. इथे ओव्हनची बाजू मुळात लंगडी आहे. हवा २२० अंशांवर असली तरी १८० अंशांच्या तेलाच्या मानानं ती फार संथपणे उष्णता देते, आणि कापांतून निघणारी वाफ बंद पेटीत घुटमळत राहते. छोट्या ओटीजीच्या ट्रेवर काप एकमेकांवर चढले की ते भाजण्याऐवजी उकडतात. उपाय पाण्यात आहे. दोन लिटर उकळत्या पाण्यात अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि मीठ घालून काप जरा मऊ होईतो उकळावेत. सोड्यानं बटाट्यातलं पेक्टिन सुटं होतं आणि कड पिठाळ होते. काप निथळून, कोरडे करून, तेल घालून भांडं हलवलं की तीच पिठाळी सगळीकडे लागते आणि ओव्हनमध्ये तिचं कवच होतं.

बटाटे मात्र फ्रिजमधले नकोत. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि काप आतून शिजायच्या आधी बाहेरून काळवंडतात. प्रश्न नुसता रंगाचा नाही. पिष्टमय पदार्थ तळताना-भाजताना अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं, हे स्वीडनच्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं. ते ओव्हनमध्येही होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा कर्करोगाशी संबंध आढळल्यामुळे ब्रिटनच्या अन्न खात्यानं २०१७मध्ये लोकांना सांगितलं, की बटाटा सोनेरी झाला की थांबा.

वर काय घालायचं, यापेक्षा कधी घालायचं हे महत्त्वाचं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १९५०च्या दशकात पुढे आलेली ‘पुतीन’ ही फ्राइजची डिश या बाबतीत उजवी ठरते. ती पहिल्यांदा कुणी केली यावर तिथली गावं अजून भांडतात, पण कृतीवर सगळ्यांचं एकमत आहे: फ्राइजवर ताज्या चीजचे गोळे आणि कढत ग्रेव्ही, अगदी वाढताना. घरीही किसलेलं चीज शेवटची तीन-चार मिनिटं ठेवावं. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर ट्रे बाहेर काढल्यावर. डिप वाटीत, बाजूला. वरून ओतलेला चक्का गरम बटाट्यावर पाणी सोडतो, आणि पाऊण तास राबून मिळवलेलं कवच दोन मिनिटांत लिबलिबीत होतं.