वाफ्यातील जादा रोपे

संक्रांतीच्या सुमारास आम्ही परसातील वाफ्यात टोमॅटो आणि मिरचीचे बी टाकले. टोमॅटोचे कोंभ आठवड्याभरात दिसू लागले. मिरची हट्टी, तिने दहाबारा दिवस वाट पाहावयास लावली. महाशिवरात्र उलटेपर्यंत रोपे वीतभर झाली, आणि एका संध्याकाळी उन्हे उतरल्यावर आम्ही ती आळ्यांत लावावयास बसलो. टोमॅटोचे रोप खोल लावावे, कारण मातीत गेलेल्या दांड्यालाही मुळे फुटतात; मिरचीचे मात्र वाफ्यात होते तेवढ्याच खोलीवर. दोनतीन दिवस झावळीची सावली करावी. हे सारे हाताला ठाऊक असते. परंतु परसात आळी होती बारा, आणि वाफ्यात रोपे चाळिसांहून अधिक. बारा लावून झाल्यावर हात अडला तो इथे.

उरलेल्या रोपांत खोट काहीच नव्हती. मग ती उपटून टाकण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

प्रश्न पोरकट वाटेल. पण आपल्या पूर्वजांना तो तसा वाटला नव्हता. शांतिपर्वात भृगुऋषी भरद्वाजांस वृक्षांनाही सुखदुःख आहे असे सांगतात. वनपर्वातील धर्मव्याध तर कौशिक ब्राह्मणास स्पष्टच सांगतो, की शेतकऱ्याच्या नांगराखाली असंख्य जीव मरतात आणि आपण खातो त्या धान्याच्या दाण्यातही जीव आहे. (मिरची व टोमॅटो या दोन्ही वनस्पती अमेरिका खंडातून, 1492 नंतरच्या जलप्रवासांमुळे, इकडे आल्या. महाभारतकाराने त्या पाहिल्या नव्हत्या. कित्येक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकास अजूनही मिरचीऐवजी मिरीच लागते, ते उगीच नव्हे.) स्मृतिकारांनी चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाची पाच हिंसास्थाने मानली व त्यांवर पंचमहायज्ञांचे प्रायश्चित्त सांगितले. पण तेथील जीव नकळत मरतात. येथे आम्ही डोळे उघडे ठेवून निवड करीत होतो.

दया म्हणून एकेका आळ्यात तीनतीन रोपे कोंबावी, तर काय होते हे आम्ही एका वर्षी पाहिले आहे. तिन्ही उजेडासाठी उंच होतात, पाने दाटून दमट राहतात, करपा येतो, आणि चैत्रात हाती येतात चार सुरकुतलेली फळे. ती दया नव्हती. निवड करण्याचे भय होते, आणि त्याची किंमत तिन्ही रोपांनी दिली.

यावर काही शहाणे लगेच म्हणतील, की पाहा, सृष्टीचा नियमच असा. दुर्बळाने सबळास जागा द्यावी, समाजातही तेच. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. मुळात उपटली जाणारी रोपे दुर्बळ नव्हती, केवळ जादा होती. आणि त्यांना जादा केले कोणी? सृष्टीने नव्हे. थोडेच उगवेल, उगवलेलेही एखाद्या रात्री कोलमडेल, या भीतीने बी टाकताना मूठ सैल सोडली ती आम्ही. उपटणाऱ्या हाताचा दोष शोधीत आम्ही इतका वेळ बसलो, परंतु दोष घडला होता महिनाभर आधी, पेरणाऱ्या मुठीत. आणि तेव्हा आमच्या मनाला कसलीच टोचणी लागली नव्हती. आपल्या धास्तीपायी निर्माण केलेल्या अधिकाचे ओझे आपण नेहमी दुसऱ्याच कोणावर टाकतो, आणि वर त्याला नियम म्हणतो.

बी मोजून टाकावे, तर एखादे आळे रिकामे राहण्याची तयारी हवी. ती आमच्यापाशी आजवर नव्हती. येत्या पौषात चोवीसच बिया टाकण्याचे आम्ही ठरविले आहे. घरातून त्यास विरोध आहे, आणि तो निराधार नाही. मागे एकदा मिरचीचे निम्मे बी उगवलेच नव्हते.

या वेळची उरलेली रोपे मात्र उपटून फेकली नाहीत. मुळांशी मातीचा गोळा ठेवून ती ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि आळीत फिरविली. देवळातील भटजींनी मिरचीची सहा नेली, शेजारच्या वहिनींनी टोमॅटोची दहा. आणखी कोणी चार, कोणी पाच. शेवटी दोन राहिली, ती विहिरीच्या पाटाकडेला लावली आहेत. तिथे ऊन कमी. एकाने मान धरली आहे. दुसऱ्याची खालची पाने पिवळी पडत चालली आहेत.